लांबच्या आकाशगंगा प्रकाशापेक्षा जास्त वेगाने दूर जातात, मग आइन्स्टाइनचा नियम मोडत नाही का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, प्रकाशापेक्षा जास्त वेगाने काहीच जाऊ शकत नाही म्हणतात तर लांबच्या आकाशगंगा तशा कशा जातात. आणि दोन, विश्व प्रसरण पावतंय तर ते कशात पावतंय, त्याच्या बाहेर काय आहे. फुग्याचं उदाहरण सगळीकडे वाचलं पण समाधान झालं नाही असंही तुम्ही लिहिलंय. मी जनरल रिलेटिव्हिटी, म्हणजे आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, शिकलोय आणि बरीच वर्षं कॉलेजच्या मुलांना शिकवतोय, आणि हे दोन प्रश्न दरवर्षी वर्गात येतातच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. थोडक्यात उत्तर असं की नियम मोडत नाही, कारण तो नियम ज्या वेगाबद्दल आहे तो हा वेग नाहीच. आणि विश्वाला वाढायला बाहेर काही असावं लागत नाही. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये.

आधी नियम काय आहे ते बघू. १९०५ ची स्पेशल रिलेटिव्हिटी सांगते की कुठलीही वस्तू तुमच्या शेजारून जात असेल तर तिचा वेग तुम्ही मोजलात तरी तो प्रकाशाच्या वेगापेक्षा कमीच भरणार. शेजारून जाणारी वस्तू, हे लक्षात ठेवा. स्पेशल रिलेटिव्हिटीत स्पेसटाइम, म्हणजे जागा आणि काळ मिळून होणारी एकच रचना, सपाट असतो, म्हणून एकच मोजमापाची चौकट विश्वाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लावता येते आणि मग जवळची वस्तू काय नि लांबची काय, वेग मोजायची पद्धत तीच. पण गुरुत्वाकर्षण आलं की स्पेसटाइम वक्र होतो आणि अशी एकच चौकट सगळीकडे लावताच येत नाही, फक्त छोट्या भागापुरती लावता येते. मग एकमेकींपासून अब्जावधी प्रकाशवर्षं लांब असलेल्या दोन वस्तूंचे वेग ताडून बघायचे कसे? त्यासाठी तिथला वेगाचा बाण उचलून इथपर्यंत आणावा लागतो, आणि वक्र स्पेसटाइममध्ये तो कुठल्या वाटेने आणला त्यावर उत्तर बदलतं. त्यामुळे 'त्या आकाशगंगेचा माझ्या तुलनेत खरा वेग किती' याला जनरल रिलेटिव्हिटीत एकच एक उत्तर नाही. हा थियरीतला दोष नाही, वक्रतेचा हा सरळ परिणाम आहे, आणि माझ्या मते सगळा गोंधळ इथेच सुरू होतो कारण लोकांसाठी लिहिलेल्या लेखांमध्ये हे कधी सांगितलंच जात नाही.

मग जनरल रिलेटिव्हिटीत नियम उरतो का? पूर्णपणे उरतो, पण जागेवरचा म्हणून. विश्वात कुठेही जा, तिथे शेजारून जाणारा प्रकाश सगळ्यांना मागे टाकूनच जातो. आपल्यापासून २००० कोटी प्रकाशवर्षं लांब असलेल्या आकाशगंगेच्या जवळूनही प्रकाश सेकंदाला ३ लाख किमीनेच जातोय आणि ती आकाशगंगा त्या प्रकाशाशी शर्यत लावत नाहीये. ती तिच्या स्वतःच्या आसपासच्या जागेत जवळजवळ उभीच आहे.

तर मग 'दूर जाण्याचा वेग' म्हणतात तो काय? तो म्हणजे आपल्या दोघांमधलं अंतर दर सेकंदाला कितीने वाढतंय तो आकडा, बास. जेवढं अंतर जास्त तेवढा तो आकडा मोठा, कारण वाटेतली प्रत्येक मेगापार्सेक वाढत असते. एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं, आणि एवढ्या अंतराला सेकंदाला साधारण ७० किमी असा वाढीचा दर आहे. आता ३ लाखाला ७० ने भागा, जवळपास ४२८६ मेगापार्सेक येतात, म्हणजे अंदाजे १४०० कोटी प्रकाशवर्षं. त्याच्या पलीकडे जी कुठली आकाशगंगा आहे तिच्यासाठी हा आकडा प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त. तिथल्या कुणाला काही वेगळं जाणवत नाही, त्यांच्या हिशोबाने आपणच तेवढ्या वेगाने दूर चाललोय.

आता दुसरा प्रश्न, कशात प्रसरण पावतंय. फुग्याच्या उदाहरणाची अडचण ही की फुग्याला आत आहे, बाहेर आहे, आणि डोळा आपोआप तिकडे जातो. त्या उदाहरणात फक्त रबराचा पृष्ठभाग म्हणजे विश्व, आतली आणि बाहेरची हवा हिशोबात धरायचीच नाही, पण हे कितीही सांगितलं तरी फुगा डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून मी मुलांना सांगतो की फुगा सोडा आणि थेट समीकरण काय म्हणतं ते बघा. जनरल रिलेटिव्हिटीत मेट्रिक नावाची गोष्ट असते, तिचं काम एवढंच की दोन बिंदूंमधलं अंतर किती ते सांगायचं. सगळीकडे सारख्याच पसरलेल्या विश्वासाठी या मेट्रिकमध्ये काळानुसार बदलणारा एकच आकडा येतो, त्याला स्केल फॅक्टर म्हणतात. आज तो १ धरला तर ज्या काळी तो अर्धा होता त्या काळी आज १०० मेगापार्सेक लांब असलेल्या दोन आकाशगंगा ५० मेगापार्सेकवर होत्या. झालं, प्रसरण म्हणजे एवढंच, स्केल फॅक्टर वाढतोय. या सगळ्या वर्णनात बाहेरच्या जागेचा उल्लेख कुठेच येत नाही कारण तिची गरजच पडत नाही. अंतरं आतल्या आत मोजता येतात, वक्रतासुद्धा आतूनच मोजता येते, मोठा त्रिकोण घेऊन कोनांची बेरीज १८० अंश येते का बघायची. विश्व आज अनंत असेल तर ते आधीही अनंतच होतं, फक्त जास्त दाट होतं. त्यामुळे बिग बँग म्हणजे कुठेतरी एका जागी झालेला स्फोट आणि त्यातून रिकाम्या जागेत उडालेले तुकडे, हे चित्र डोक्यातून काढून टाका. तो सगळीकडे झाला, तुम्ही बसलाय तिथेसुद्धा.

आणि सगळंच प्रसरण पावत नाही बरं का. अणू नाही, पृथ्वी नाही, सूर्यमाला नाही, आपली आकाशगंगापण नाही. जिथे वस्तुमान दाटीने एकत्र आहे तिथे गुरुत्वाकर्षणाने किंवा विद्युत बलाने ते बांधलेलं राहतं, तिथलं मेट्रिक ते स्केल फॅक्टरवालं मेट्रिक नसतंच. देवयानी म्हणजे अँड्रोमेडा आकाशगंगा साधारण २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि ती चक्क आपल्याकडे येतेय. प्रसरण दिसतं ते आकाशगंगांच्या समूहांच्या पलीकडे, मोठ्या अंतरांवर.

हे सगळं निरीक्षणातून आधी आलं आणि थियरी मागून बसवली असं अनेकांना वाटतं, ते तसं नाहीये आणि हा इतिहास मला फार आवडतो म्हणून लिहितोच. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइनने समीकरणं मांडली आणि १९१७ मध्ये ती अख्ख्या विश्वाला लावली. त्या काळी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर दुसऱ्या आकाशगंगा आहेत हेही ठरलेलं नव्हतं, तारे तर संथ दिसत होते, त्यामुळे विश्व स्थिर आहे असंच त्याने गृहीत धरलं. पण समीकरणं स्थिर विश्व देईनात, म्हणून त्याने लॅम्डा नावाचं एक पद जास्तीचं घातलं. १९२२ मध्ये रशियात पेट्रोग्राडमधल्या अलेक्झांडर फ्रीडमन या गणितज्ञाने तीच समीकरणं सोडवून दाखवलं की विश्व प्रसरण पावू शकतं किंवा आकुंचनही पावू शकतं. आइन्स्टाइनने आधी त्याचं गणित चुकलंय असं छापून सांगितलं आणि १९२३ मध्ये तो आक्षेप मागे घेतला, पण गणित बरोबर असलं तरी निसर्ग तसा असेल हे त्याला पटलं नव्हतं. फ्रीडमन १९२५ मध्ये ३७ व्या वर्षी गेला, आपलं गणित प्रत्यक्षात उतरलेलं त्याला बघायला मिळालं नाही.

तिकडे अमेरिकेत ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर १९१२ पासून सर्पिलाकार तेजोमेघांचे (आज आपण त्यांना आकाशगंगा म्हणतो) स्पेक्ट्रम, म्हणजे प्रकाशाचे रंगांत उलगडलेले पट्टे, घेत होता. पहिला घेतला देवयानीचा, तो निघाला निळ्याकडे सरकलेला, म्हणजे जवळ येणारा, सेकंदाला ३०० किमीच्या आसपास. पण १९१७ पर्यंत २५ तेजोमेघांचे वेग हातात आले तेव्हा त्यातले २१ दूर जाणारे होते. त्यांची अंतरं मात्र माहीत नव्हती. अंतर मोजायची किल्ली हेन्रिएटा लेविटने दिली, सेफीड ताऱ्याचा उजेड कमीजास्त व्हायला जेवढा वेळ लागतो त्यावरून त्याची खरी तेजस्विता कळते हे तिने दाखवलं होतं. तेच वापरून अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची टेलिस्कोपवरून आधी देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे सिद्ध केलं आणि १९२९ मध्ये अंतर आणि वेग यांचा सरळ संबंध मांडला. त्याच्यासोबत काम करणारा मिल्टन ह्युमासन हा मुळात त्या डोंगरावर खेचरांवरून सामान वाहून न्यायचा, मग वेधशाळेत साफसफाईच्या कामाला लागला, डिग्री वगैरे काही नाही, आणि सगळ्यात अंधुक आकाशगंगांचे स्पेक्ट्रम त्यानेच रात्र रात्र बसून मिळवले.

पण निरीक्षण आणि जनरल रिलेटिव्हिटी यांना जोडणारा माणूस होता जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचा धर्मगुरू आणि तितकाच पक्का भौतिकशास्त्रज्ञ. १९२७ मध्येच त्याने समीकरणांमधून अंतर-वेगाचा संबंध काढला आणि उपलब्ध आकड्यांवरून प्रसरणाचा दरही काढला, हबलच्या दोन वर्षं आधी, पण फ्रेंचमध्ये आणि बेल्जियममधल्या फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात. त्याच वर्षी ब्रसेल्सला आइन्स्टाइन भेटला तेव्हा तुझं गणित बरोबर आहे पण भौतिकशास्त्र भयंकर आहे अशा अर्थाचं बोलला, असं लमेत्रने पुढे सांगितलंय. १९३० मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने दाखवलं की लॅम्डा घालूनही आइन्स्टाइनचं स्थिर विश्व टिकत नाही, घनता जराशी कमी झाली की ते वाढायला लागतं आणि जराशी जास्त झाली की कोसळायला लागतं. त्यानंतर १९३१ मध्ये आइन्स्टाइनने स्थिर विश्व सोडून दिलं. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने २०१८ मध्ये मत घेऊन अंतर-वेगाच्या या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावं अशी शिफारस केली, मला विचाराल तर ते फार आधी व्हायला हवं होतं. हबल स्वतः तर शेवटपर्यंत याला खरं प्रसरण म्हणायला कचरत होता, तो 'दिसणारा वेग' असंच म्हणायचा.

आता तुम्ही म्हणाल की रेडशिफ्टचं, म्हणजे लांबच्या आकाशगंगांचा प्रकाश लाल रंगाकडे सरकलेला दिसतो त्याचं, दुसरं काही कारण असेल तर? ही शंका योग्य आहे आणि १९२९ मध्येच फ्रिट्झ झ्विकीने सुचवलं होतं की लांबून येताना प्रकाश वाटेत ऊर्जा गमावत असेल. दोन्हीतला फरक कसा तपासायचा ते बघा. समजा एका आकाशगंगेची रेडशिफ्ट १ आहे, म्हणजे प्रकाश निघाल्यापासून स्केल फॅक्टर दुप्पट झालाय. हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा आपल्याला १३१२.६ वर दिसेल, इन्फ्रारेडमध्ये. एवढं तर प्रकाश नुसता थकला तरी होईल. पण प्रसरण खरं असेल तर दोन लहरींमधलं अंतर दुप्पट होतं तसंच कुठल्याही दोन घटनांमधला वेळही आपल्याला दुप्पट दिसला पाहिजे. टाइप वनए सुपरनोव्हा, म्हणजे एका ठरावीक प्रकारचा ताऱ्याचा स्फोट, उजळतो आणि ओसरतो त्याचा वेळ ठरलेला असतो. जे व्हायला जवळच्या आकाशगंगेत २० दिवस लागतात ते रेडशिफ्ट १ वर आपल्याला ४० दिवसांत होताना दिसायला हवं, आणि तसंच दिसतं, १९९० च्या दशकापासून हे मोजलं गेलंय. नुसता प्रकाश थकण्याने घड्याळ मंद दिसणार नाही. हा पुरावा मला सगळ्यात स्वच्छ वाटतो.

प्रसरण मानलं म्हणजे सुरुवात मानलीच असंही नाही. १९४८ मध्ये हॉयल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थितीची थियरी मांडली, त्यात विश्व प्रसरण पावतं पण सुरुवात नाही, जागा वाढते तसं अगदी मंद गतीने नवं द्रव्य तयार होत राहतं आणि घनता कायम राहते. आपल्या जयंत नारळीकर सरांनी केंब्रिजला हॉयलबरोबर याच थियरीच्या गणितावर काम केलं आणि पुढे आयुष्यभर बिग बँगला पर्याय शोधत राहिले. ती थियरी मागे पडली ती प्रामुख्याने १९६५ मुळे, पेंझियस आणि विल्सन यांना आकाशाच्या सगळ्या दिशांनी येणारं मायक्रोवेव्ह रेडिएशन सापडलं, त्याचं तापमान आज २.७२५ केल्विन मोजलंय, आणि गरम दाट भूतकाळातून ते सहज निघतं, स्थिर स्थितीतून निघत नाही. तरी नारळीकरांचं काम मला महत्त्वाचं वाटतं, कारण समोर तगडा पर्याय असला की बिग बँगवाल्यांनाही प्रत्येक गोष्ट सिद्ध करावी लागते. कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरींचं १९५५ चं समीकरणही याच वादाच्या मुळाशी जातं, विश्व अगदी एकसारखं नसलं तरी नेहमीच्या द्रव्याचं गुरुत्वाकर्षण सगळं एकत्र आणतंच हे त्यातून दिसतं, आणि पेनरोज-हॉकिंग यांचे सिंग्युलॅरिटीचे, म्हणजे जिथे आपली समीकरणंच कोलमडतात अशा अवस्थेचे, सिद्धांत त्यावर उभे आहेत.

याच मायक्रोवेव्ह रेडिएशनवरून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सगळ्यात ठोस उत्तर मिळतं, म्हणून त्यातला एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, घेऊन त्याचा प्रवास बघू. तो निघाला तेव्हा विश्वाचं वय ३,८०,००० वर्षं होतं. ज्या गरम वायूतून तो निघाला तो वायू त्या वेळी आपल्या जागेपासून, म्हणजे जिथे पुढे आपली आकाशगंगा होणार होती तिथून, फक्त ४.२ कोटी प्रकाशवर्षांवर होता. आपल्या दिशेने निघालेला हा फोटॉन पोचायला १३८० कोटी वर्षं लागली! कारण त्या वेळी प्रसरण इतकं जोरात होतं की मधलं अंतर प्रकाशाच्या साठेक पट वेगाने वाढत होतं. फोटॉन आपल्याकडे येतोय, जागोजागी बरोबर प्रकाशाच्याच वेगाने येतोय, आणि तरी आपल्यापासूनचं त्याचं अंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय. ४.२ कोटींवरून ते वाढत वाढत ५८० कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास गेलं. दरम्यान द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने प्रसरणाचा दर कमी होत होता, त्यामुळे ज्या अंतरापलीकडे दूर जाण्याचा वेग प्रकाशाहून जास्त होतो ती सीमा बाहेर सरकत गेली आणि विश्व साधारण ४०० कोटी वर्षांचं असताना तिने या फोटॉनला गाठलं. त्या क्षणापासून तो खऱ्या अर्थाने जवळ यायला लागला. ज्या वायूतून तो निघाला तो वायू आज ४६०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. 'विश्व १३८० कोटी वर्षांचं मग ४६०० कोटी प्रकाशवर्षं लांबचं कसं दिसतं' हा जो तिसरा प्रश्न लोक विचारतात त्याचंही उत्तर यातच आलं.

त्यामुळे प्रकाशाच्या वेगापलीकडे गेलेल्या आकाशगंगा दिसत नाहीत हे जे अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं ते चूक आहे. रेडशिफ्ट १.५ च्या पुढच्या जवळपास सगळ्या आकाशगंगा आज त्या वेगाने दूर जातायत आणि त्यांचे फोटो रोज काढले जातायत. याचा एक गमतीशीर परिणाम प्रत्यक्ष दिसतो, तो असा की एकाच आकाराच्या आकाशगंगा लांब लांब बघत गेलं तर रेडशिफ्ट १.६ पर्यंत लहान दिसत जातात आणि त्याच्या पुढे परत मोठ्या दिसायला लागतात, कारण त्यांचा प्रकाश निघाला तेव्हा त्या आपल्या जास्त जवळ होत्या.

खरी मर्यादा वेगळी आहे. १९९८ मध्ये पर्लमटर आणि श्मिट-रीस यांच्या दोन टीमनी लांबच्या सुपरनोव्हांवरून दाखवलं की प्रसरणाचा वेग आता वाढतोय, त्यासाठी तिघांना २०११ चं नोबेल मिळालं आणि आइन्स्टाइनने टाकून दिलेलं लॅम्डा परत आलं, या वेळी डार्क एनर्जी, म्हणजे प्रसरणाला वेग देणारी पण नेमकी काय ते न कळलेली ऊर्जा, म्हणून. प्रसरण असंच वाढत राहिलं तर आज साधारण १६०० ते १७०० कोटी प्रकाशवर्षांच्या पलीकडून निघणारा प्रकाश आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही. या हिशोबात दोन गोष्टी अजून मिटलेल्या नाहीत. मायक्रोवेव्ह रेडिएशनवरून प्लँक उपग्रहाने काढलेला प्रसरणाचा दर मेगापार्सेकमागे सेकंदाला ६७.४ किमी येतो आणि सेफीड-सुपरनोव्हावरून मोजलेला ७३ च्या आसपास, हा फरक मोजमापातल्या चुकीने भरून निघत नाहीये. आणि ॲरिझोनातल्याच किट पीक वेधशाळेतल्या, आकाशगंगांचा नकाशा करणाऱ्या डेसी या सर्वेक्षणाच्या २०२४ आणि २०२५ च्या निकालांमध्ये डार्क एनर्जी काळानुसार बदलत असावी, कदाचित कमी होत असावी, असे संकेत आहेत, अजून पक्कं म्हणण्याइतके नाहीत. ते खरं निघालं तर हा १६००-१७०० कोटींचा आकडा बदलेल, वरच्या बाकी उत्तरात फरक पडणार नाही.